आकाशातून घेतलेली माहिती सगळ्यांची कशी झाली? उपग्रह-इमेज, 'निसार' आणि देशोदेशींची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायचे तंत्र, शिकवते. वर्गात, शेतकरी गटांच्या बैठकीत आणि पावसाळ्यात पत्रकारांच्या फोनवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे बरेच दिवस मनात होते.

दुसऱ्या देशाचा उपग्रह आपल्याला न विचारता आपल्या गावाची इमेज कशी काय घेतो?

देशाला हवाई हद्द असते, अंतराळात हद्द नसते. परके विमान असे न विचारता डोक्यावरून गेले तर ती घुसखोरी ठरेल. उपग्रहाला मात्र १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही देशावरून फिरायची मोकळीक दिली आहे. यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. आपल्या जमिनीची माहिती आपल्याआधी परक्याच्या हाती पडते, ही विकसनशील देशांची तक्रार रास्तच होती. अखेर डिसेंबर १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुदूर संवेदनाची, म्हणजे वरून, दुरूनच जमिनीची माहिती घेण्याची, पंधरा तत्त्वे मंजूर केली. इमेज घ्यायला आधी परवानगी लागणार नाही, पण ज्या देशाची इमेज घेतली त्याला ती भेदभाव न करता आणि वाजवी दरात मिळाली पाहिजे, असे त्यांतून ठरले. 'वाजवी' म्हणजे किती, हे मात्र कुठे लिहिले नव्हते. पुढची वीस वर्षे गाडे तिथेच अडले.

मग या इमेज फुकट कधीपासून मिळायला लागल्या?

जमिनीच्या इमेज घेणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला. आपल्या हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रावरही पुढे लँडसॅटची माहिती थेट उतरवली जाऊ लागली. पण ऐंशीच्या दशकात अमेरिकेने विक्री खासगी कंपनीकडे दिली आणि एका इमेजची किंमत चार हजार डॉलरच्या घरात गेली. १९९९ च्या लँडसॅट ७ नंतर ती सहाशे डॉलरवर आली, तरी आपल्याकडच्या कॉलेजला ते परवडणारे नव्हतेच.

मी शिकत होते तेव्हा आमच्या विभागाकडे आमच्या जिल्ह्याची एकच इमेज होती. सीडीवर. ती सीडी लोखंडी कपाटात कुलपात असे आणि रजिस्टरवर सही केल्याशिवाय हातात मिळत नसे. सगळ्या मुलांचे सगळे प्रबंध त्या एका तारखेवर. पीक, पाणी, जंगल, जे काही सांगायचे ते त्या एका फेब्रुवारीतल्या सकाळवरून. काय बदलले, हा प्रश्न आम्हाला विचारताच येत नव्हता, कारण बदल दिसायला निदान दोन इमेज लागतात.

२००८ मध्ये लँडसॅटचे सगळे भांडार विनामूल्य करण्याचा निर्णय झाला. विकत मिळत होती तेव्हा दिवसाला सरासरी ५३ इमेज जात. फुकट झाल्यावर काही वर्षांतच हा आकडा हजारांत गेला. युरोपने पृथ्वीच्या पाहणीचा कोपर्निकस कार्यक्रम आखला तेव्हा त्यांनीही तोच रस्ता धरला. २०१४ पासून सुटलेल्या सेंटिनेल उपग्रहांची माहिती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुली आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात याहून मोठी गोष्ट घडलेली नाही. एखाद्या नव्या कॅमेऱ्यानेही एवढा फरक पडला नसता.

पण फुकट देऊन त्यांना काय मिळते?

उपग्रह एकदा वर गेला की तो पृथ्वीभोवती फिरतच राहतो. फक्त आपल्याच देशाचे बघायचे ठरवले तर बाकीचा सगळा फेरा वाया जातो. शिवाय बाहेरचे लोक माहिती वापरतात तेव्हा तिच्यातल्या चुका सापडतात आणि दुरुस्त होतात.

याहून मोठे कारण धान्याचे. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव कडाडले. २०१० मध्ये दुष्काळामुळे रशियाने गव्हाची निर्यात थांबवली, तेव्हा पुन्हा तीच धावपळ. कुणाच्या शेतात किती पीक उभे आहे याची सगळ्यांना दिसेल अशी माहिती नसली की अफवांवर बाजार चालतो. म्हणून २०११ मध्ये जी-२० देशांच्या कृषिमंत्र्यांनी जिओग्लॅम नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ उपग्रहाची माहिती आणि शेतावरची पाहणी एकत्र करून गहू, मका, भात आणि सोयाबीन या पिकांची स्थिती ठरावीक काळाने जाहीर करतात. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव बघणाऱ्या माणसाला ब्राझीलचे पीक कसे आहे याच्याशी देणेघेणे असतेच.

हा उपक्रम ज्या छत्राखाली चालतो तो ग्रुप ऑन अर्थ ऑब्झर्व्हेशन्स २००५ मध्ये स्थापन झाला. त्याचे सचिवालय जिनिव्हाला आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे.

भारत यात फक्त घेणाऱ्यांत आहे का?

नाही, आणि हे मुलांना सांगताना मला मनापासून आनंद होतो. आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सुटला तो सोव्हिएत रॉकेटवर, बैकानूरहून. म्हणजे सुरुवात दुसऱ्याच्या खांद्यावर बसूनच झाली. पण २००३ मध्ये गेलेल्या रिसोर्ससॅट-१ वरचा ॲविफ्स कॅमेरा ७४० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका दमात टिपायचा आणि पाच दिवसांत परत त्याच जागी यायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याला अमेरिकेतली मक्याची आणि सोयाबीनची शेते मोजायला तो इतका सोयीचा वाटला की त्यांच्या पीक-नकाशासाठी त्यांनी काही वर्षे भारताच्याच इमेज वापरल्या. ओशनसॅट-२ समुद्रावरच्या वाऱ्यांची जी मापे घेत होता, ती परदेशी हवामान संस्थाही वापरत होत्या. मेघा-ट्रॉपिक्स आणि सरल हे उपग्रह आपण फ्रान्सबरोबर मिळून केले. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोगाशी करार झाला, त्यानुसार सेंटिनेलची माहिती इकडे येते आणि आपल्या उपग्रहांची माहिती तिकडे जाते.

निसार म्हणजे काय? नासाचा की इस्रोचा?

दोघांचा, आणि इथे 'दोघांचा' हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. एकाच उपग्रहावर दोन रडार आहेत. २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे एल-बँड रडार नासाने दिले. साधारण दहा सेंटिमीटर लहरींचे एस-बँड रडार अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवले. छत्रीसारखी उघडणारी १२ मीटर व्यासाची सोनेरी जाळीची अँटेना अमेरिकेची, उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट भारताचे. एस-बँड रडार आधी कॅलिफोर्नियाला गेले, तिथे दोन्ही रडार एकमेकांना जोडली गेली, मग जोडणी २०२३ मध्ये बंगळुरूला आली. तिथे अँटेनाच्या तापमानाची काळजी वाटली, म्हणून २०२४ मध्ये अँटेना खास लेप लावायला परत कॅलिफोर्नियाला आणि तिथून पुन्हा बंगळुरूला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही-एफ१६ ने सुमारे २,४०० किलो वजनाचा हा उपग्रह वर नेला. १५ ऑगस्टला ती जाळी उघडली.

या रॉकेटबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारे, इंजिन असते. हेच तंत्र रशियाकडून घ्यायचा करार भारताने केला म्हणून अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध घातले होते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर इस्रोच्या संस्था अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत गेल्या. त्या यादीतून त्या सुटल्या जानेवारी २०११ मध्ये. सप्टेंबर २०१४ मध्ये टोरांटोला निसारच्या करारावर सह्या झाल्या. आणि २०२५ मध्ये नासाने आपला सगळ्यांत महागड्या रडारांपैकी एक रडार विश्वासाने त्याच भारतीय क्रायोजेनिक टप्प्यावर ठेवला. ज्यांनी ते इंजिन वर्षानुवर्षे अपयश पचवत घडवले, त्यांना त्या संध्याकाळी काय वाटले असेल?

ढगांतून दिसते म्हणजे नेमके कसे?

आपण कॅमेऱ्यासारखे उपग्रह म्हणतो ते सूर्यप्रकाशावर अवलंबून असतात. जून ते सप्टेंबर कोकणची स्वच्छ इमेज मिळणे ही नशिबाची गोष्ट. रडार स्वतःच लहर सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकते, त्यामुळे रात्र असो की आभाळ भरलेले असो, तिला फरक पडत नाही.

लहरीची लांबी का महत्त्वाची, हे शिरोळ तालुक्याच्या उदाहरणावरून लगेच कळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरातली सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची इमेज उघडून पाहा. कृष्णा आणि पंचगंगेचे पसरलेले पाणी कुळकुळीत काळे दिसते, कारण संथ पाणी आरशासारखे लहर दुसरीकडे परतवते आणि उपग्रहाकडे काहीच येत नाही. पण मध्येच राखाडी ठिगळे दिसतात. तिथे पाणी नव्हते असे समजू नका. तो उभा ऊस आहे. सेंटिनेल-१ ची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची. ती उसाच्या पाचटावर आणि शेंड्यांवर आदळून तिथूनच परत फिरते, खाली कमरेएवढे पाणी साचले आहे हे तिला समजतच नाही. निसारची २४ सेंटिमीटरची लहर पानांतून खाली उतरते, पाण्यावर आणि मग उसाच्या कांड्यावर आपटून जोरात परत येते, त्यामुळे बुडालेला ऊस उलट उजळ दिसतो. पंचनाम्याच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे, हे ज्यांचा ऊस दहा दिवस पाण्यात कुजला त्यांना सांगायला नको.

निसारमुळे दरड कोसळणार हे आधी कळेल का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जड जातो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला निसार सुटला. हा केवळ योगायोग आहे, पण मी तो विसरू शकत नाही. नंतर तळिये झाले, इर्शाळवाडी झाली.

निसार दर बारा दिवसांनी त्याच मार्गाने येतो. दोन फेऱ्यांतल्या प्रतिध्वनींची तुलना केली की जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते कळते: २४ सेंटिमीटरच्या लहरीचा एक पूर्ण फेरा म्हणजे १२ सेंटिमीटर सरकणे, आणि फेऱ्याचा छोटासा अंशही मोजता येत असल्याने काही मिलिमीटर ते सेंटिमीटरपर्यंतची हालचाल पकडता येते. जो उतार महिनोन्‌महिने हळूहळू खचतो आहे, तो अशा तऱ्हेने ओळखू येतो. त्याआधी तिथल्या लोकांना घराच्या भिंतीला गेलेली भेग दिसलेली असतेच.

पण अतिवृष्टीत काही तासांत भिजून एकदम सुटलेला मातीचा थर आधी सरकून दाखवेलच असे नाही. शिवाय सह्याद्रीचे कडे इतके उभे आहेत की काही उतार रडारच्या सावलीत जातात आणि तिथे काहीच दिसत नाही. हवेतली वाफही लहरीला उशीर लावते, आणि पावसाळ्यात वाफेला काय तोटा. तेव्हा 'अमुक वाडी अमुक दिवशी' असे कुणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. कोणत्या उतारांवर आधी माणूस पाठवून पाहणी करायची, ही यादी मात्र यातून नक्की निघू शकते. ती यादी उन्हाळ्यातच निघाली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

मोठी आपत्ती आली की देश एकमेकांना इमेज कशा देतात?

त्यासाठी 'अंतराळ आणि मोठ्या आपत्ती' या विषयावरची एक आंतरराष्ट्रीय सनद आहे. युरोपीय आणि फ्रेंच अंतराळ संस्थांनी तिची सुरुवात केली, कॅनडा जोडला गेला आणि नोव्हेंबर २००० पासून ती अमलात आली. अधिकृत यंत्रणेने हाक दिली की सदस्य संस्था आपापले उपग्रह त्या जागेकडे वळवतात आणि माहिती विनामूल्य देतात. पुढच्याच जानेवारीत, २६ तारखेला, भूजचा भूकंप झाला आणि ही सनद भारतासाठी वापरली गेली. भारत तेव्हा सदस्यही नव्हता. इस्रो त्याच वर्षी नंतर सामील झाली. आता जगात कुठे पूर-भूकंप झाला की आपलेही उपग्रह त्या कामाला लागतात. ही सनद अचानक आलेल्या आपत्तींसाठी आहे. दुष्काळ तिच्यात बसत नाही, युद्धही नाही.

माझे शेत दिसेल का? बांधाचा वाद यावरून मिटेल का?

सेंटिनेल-२ या युरोपच्या कॅमेऱ्यासारख्या उपग्रहाचा एक पिक्सेल, म्हणजे इमेजमधला सगळ्यांत छोटा ठिपका, १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल म्हणजे एक गुंठाच की! एकराचे शेत म्हणजे साधारण चाळीस ठिपके. पीक जोमात आहे की पिवळे पडते आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी पोहोचत नाही, हे त्या चाळीस ठिपक्यांत छान कळते. लँडसॅटच्या एका ठिपक्यात मात्र नऊ गुंठे येतात.

बांध हातभर रुंदीचा असतो. तो गुंठ्याच्या ठिपक्यात कुठून दिसणार? त्यासाठी भूमी अभिलेखाची मोजणीच लागते.

विहिरीचे पाणी किती खाली गेले, हेही उपग्रह सांगतो म्हणे?

तुमच्या विहिरीचे नाही. ग्रेस नावाचे अमेरिका-जर्मनीचे दोन जुळे उपग्रह २००२ पासून एकमेकांमधले अंतर मोजत फिरत होते. खाली पाण्याचे वजन घटले की गुरुत्वाकर्षणात पडणारा सूक्ष्म फरक त्यातून कळायचा. राजस्थान, पंजाब आणि हरियाणाने २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल गमावल्याचे त्यावरूनच समोर आले. पण हे माप काही राज्ये मिळून एवढ्या मोठ्या पट्ट्याचे असते. तालुक्यासाठी भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी आणि पाणी मोजायची दोरी यांना पर्याय नाही.

एवढे सगळे उघडे ठेवणे देशाच्या सुरक्षेला धोक्याचे नाही का?

काळजी योग्य आहे, म्हणून बारकाव्याची मर्यादा ठेवलेली आहे. १० किंवा ३० मीटरच्या ठिपक्यात रणगाडा ओळखू येत नाही. भारताच्या २०२३ च्या अंतराळ धोरणाने ५ मीटर आणि त्याहून ढोबळ माहिती खुली ठेवली आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी भारतीय कंपन्यांना आणि संस्थांना नकाशे तयार करायला लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. जुन्या काळी टोपोशीटसाठी, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तपशीलवार नकाशासाठी, अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्यांना याचे मोल जास्त कळते.

एखादा देश किंवा उपग्रह मध्येच थांबला तर?

असे झाले आहे. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बिघडला आणि परत चालू झाला नाही. जोडीतला एकच उरल्याने अनेक भागांत फेऱ्या विरळ झाल्या. त्याची जागा घेणारा सेंटिनेल-१सी वर गेला तो डिसेंबर २०२४ मध्ये. तीन वर्षे! म्हणूनच एकाच देशावर सगळा भार नको. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ च्या इमेज एकमेकींशी जुळवून एकच मालिका करायचे काम आता चालते, आणि निसार आल्याने रडारची बाजूही भक्कम झाली.

जागतिक नकाशात आमच्या भागाबद्दल चूक दिसते. असे का?

कारण तो नकाशा बनवणाऱ्या संगणकाला तुमचा भाग कुणी दाखवलेला नसतो. युरोपच्या दहा मीटरच्या जागतिक भू-आच्छादन नकाशात, म्हणजे कुठे शेत, कुठे जंगल, कुठे पाणी हे दाखवणाऱ्या नकाशात, जमिनीचे अकरा वर्ग आहेत. त्यांत कोकणातल्या 'सड्या'ला, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराला, जागा नाही. जांभ्याचा सडा मे महिन्यात उघडाबोडका आणि ऑगस्टमध्ये फुलांनी भरलेला. त्याला ओसाड म्हणायचे की गवताळ?

उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळ्याच्या बाजूला, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. संगणकाने एका पट्ट्याला ऊस म्हटले होते. मुले मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघत बांधावरून गेली तर समोर केळीची बाग, घड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले. मालक म्हणाले, "मॅडम, ऊस मोडून तीन वर्षं झाली." दोन्ही पिके बारमाही हिरवी, वरून फसायला होते. मुलांनी त्या दिवशी ६२ ठिकाणे नोंदवली, त्यांतली नऊ चुकीची निघाली. याला आम्ही ग्राउंड ट्रुथ म्हणतो. उपग्रह कितीही देशांनी मिळून सोडला तरी हे काम पायीच करावे लागते.

जुन्या टोपोशीटवरची जागा मोबाइलवर बाजूला सरकलेली का दिसते?

जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या १८३० च्या मापांवर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या जागतिक मापांवर चालते. पृथ्वीचा आकारच दोघांनी वेगळा धरला आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य रूपांतर निवडले की प्रश्न सुटतो.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

कोपर्निकस ब्राउझर उघडा, आपले गाव शोधा आणि जानेवारीतली व मे महिन्यातली सेंटिनेल-२ ची इमेज शेजारी शेजारी लावून पाहा. बस, पहिल्या दिवशी एवढेच. मग भारतीय उपग्रहांसाठी 'भूनिधी', तयार थरांसाठी 'भुवन', आणि जुन्या लँडसॅटसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे 'अर्थ एक्सप्लोरर'. क्यूजीआयएस विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. इंग्रजीची भीती बाळगू नका, बटणे मोजकीच आहेत.

संगणक येत नाही, पण हातभार लावायचा आहे. काही करता येईल?

येईल, आणि तुमच्याइतके ते कुणालाच जमणार नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्या जगाने मिळून काढलेला नकाशा आहे. २०१० मध्ये हैतीच्या आणि २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रह-इमेजवरून रस्ते आणि घरे रेखाटून दिली, तीच मदत पथकांना उपयोगी पडली. पण घरे वरून दिसतात, नाव दिसत नाही. आपल्या डोंगराळ भागातल्या कितीतरी वाड्या, धनगरवाडे आणि पाणवठे त्या नकाशावर अजून निनावी आहेत. तिथे मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. गावी जाल तेव्हा आजीला किंवा काकांना शेजारी बसवा, मोबाइलवर गावाची इमेज दाखवा आणि एकेका जागेवर बोट ठेवून विचारत जा. 'वरची वाडी', 'खालची वाडी' असे मोघम लिहू नका. तिथली माणसे जे नाव घेतात तेच, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहा.